तीनशे लारी

पिठाच्या डब्याच्या तळाशी, पिशवीत बांधून
तीनशे लारी आहेत. आणि काही नाणी.
नाणी मी धरत नाही.

कुताइसीत पहाटे चारला आमची भट्टी पेटते.
मी अर्धी आत वाकून
तापल्या मातीवर पाव थापते,
आणि दुपारी घरी येऊन
नदीच्या अलीकडे उभी राहते.

नदी खेळातली.
पलीकडे शहर, दिवे लागलेलं.
पुलावर पाय टाकला की चित्र अडखळतं,
पाणी थिजतं,
आणि माझी चोर
(हो, चोरच घेतली मी,
तलवारवाले मला कधी आवडले नाहीत)
एक पाय हवेत धरून उभी राहते.
मग काळोख.
सतरा वेळा झालं हे. मोजलंय.

कॉम्प्युटर बाद्रीचा, माझ्या मुलाचा.
तो ग्दान्स्कच्या गोदामात खोकी उचलतो.
जाताना म्हणाला होता, आई, विकून टाक.
झाकण उघडलं तर आत पीठ.
माझंच, बाह्यांवरून झडलेलं,
पंख्याच्या पात्यांवर सायीसारखं धरलेलं.
पावाला पाणी लावायच्या ब्रशनं
तासभर झाडत बसले.

ओतारच्या दुकानात ग्राफिक्स कार्डं
मासे सुकत घालावेत तशी टांगलेली.
"ही ने लामारा, दोनशे ऐंशीला. झाडाचं पान न् पान दिसेल."
आधी कुठं होती ही?
त्यानं उगाच काउंटर पुसला.
गॅरेजमध्ये. नाणी खणत होती,
आभासी असतात ना, ती. दोन वर्षं, रात्रंदिवस.
मी बोटानं पंखा फिरवला.
करकरला.
हा आवाज मला ठाऊक आहे,
पहाटे माझ्या उजव्या खांद्यातून येतो.

शिवाय वॅट.
माझ्या पॉवर सप्लायवर लिहिलंय साडेतीनशे,
आणि हिला दोन जाड वायरी लागतात,
ज्या माझ्याकडे नाहीतच.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथं तर अंथरूणच पेटलं असतं.

मग पावाच्या कागदावर हिशेब:
छोटं कार्ड, एकाच पंख्याचं, एकशे पन्नास.
एसएसडी सत्तर.
रॅमची जुनी पट्टी पंचेचाळीस,
ओतार म्हणाला पन्नास, मी नुसती उभी राहिले.
पेस्टची ट्यूब आठ.
सत्तावीस उरले. सरपणाला.

रात्री बटण दाबलं. पंखे फिरले,
स्क्रीन मात्र काळीच.
मी खुर्चीवरून उठलेच नाही बराच वेळ.
पैसे तर गेलेच, वर हसंही होणार,
या वयात, असं काहीबाही.
मग बाद्री लहान असताना करायचा ते आठवलं,
पट्टी काढली, तिचे पिवळे दात
खोडरबरनं घासले,
आणि कणीक दाबावी तसा अंगठा दाबला.
टक्.

नेमका तेव्हाच त्याचा फोन.
आई, डिसेंबरात बोनस मिळेल, नवाकोरा घेऊन देतो,
मग रोज भेटू खेळात.
नको म्हटलं. तुझे बूट घे आधी.
त्याला वाटतं मी त्याच्यासाठी खेळते.
वाटू दे.
मला ते पलीकडचं शहर बघायचंय.

सावल्या बंद केल्या. गवत बंद.
पाणी पत्र्यासारखं दिसायला लागलं, दिसू दे.
पहिली फळी, दुसरी.
मध्ये एकदा जरासं थरथरलं
आणि मी श्वास धरला, जसा भट्टीत वाकताना धरते.
मग पायाखाली दगड.

पलीकडे वेशीतलं पहिलंच दुकान पावाचं.
जवळ जाऊन पाहिलं:
कवचाला एकच रंग, डाग नाही, फोड नाही,
भट्टीतला जाळ हलतसुद्धा नव्हता.
असा पाव मी गिऱ्हाइकाला दिला नसता.

बेकरवाल्यानं पाठ फिरवली.
चोरला.